पिसाळांचा ळ

कृष्णकाकांचा कॉम्प्युटर मी बिघडवला. आधीच सांगून टाकतो, कारण देवासात सगळ्यांना मी तो सुधारायला जात होतो एवढंच ठाऊक आहे.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, कृष्णराव पिसाळ. टोंकखुर्दच्या तहसीलीत हिंदी टायपिंग करण्यात जन्म गेला. रिटायर झाल्यावर हट्टाने मराठी टायपिंगचा प्रोग्राम घेतला आणि पिसाळांचा कुलवृत्तांत लिहायला बसले. अकरा वर्षं बसले. सांगणारी एकच, त्यांची मोठी बहीण, धारची मालनआत्या. चार पिढ्यांची नावं, लग्नं, भांडणं तिला तोंडपाठ. तिला काचबिंदू झाला होता. "पुस्तक मी स्वतः वाचेन, मग डोळे गेले तरी जाऊ देत," असं ती म्हणायची. काकांना तेवढंच साधायचं होतं.

काका धारला तिच्याकडे गेले असताना मी शहाणपणा केला. माझे कॉम्प्युटरचे क्लास आहेत, म्हणजे मला सगळं येतं असा माझा समज. काकांच्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम टाकून ठेवली. जुनीवर परतायची मुदत दहा दिवसांची, काका आले बाराव्या दिवशी. प्रोग्राम उघडेना. त्याची किल्ली म्हणजे मागे खोचायचं एक छोटं डोंगल, ते नव्या सिस्टीमला दिसेचना. डोंगल काढून-घालून पाहिलं, जुन्या सिस्टीमचा आव आणून प्रोग्राम चालवून पाहिला, कंपनीला फोन लावला. कंपनीच उरली नव्हती. सीडीवर ओरखडेच ओरखडे. आणि फायली त्या प्रोग्रामशिवाय उघडत नव्हत्या.

"काढ काहीतरी उपाय, भिया," काका म्हणाले; आमच्या माळव्यात पुतण्यालाही भियाच म्हणतात. तेव्हाही ते रागावले नाहीत, याचाच मला राग येतो.

तपासायला छापलेली पानं कपाटात होती, तीनशे बारा. पण अक्षर बारीक, आत्याला ते दिसलं नसतं. मोठ्या अक्षरात पुन्हा छापता यावं म्हणून मी पानं स्कॅन केली आणि मजकूर ओळखणाऱ्या प्रोग्राममध्ये घातली. एका दुपारीत सगळं आलं. फक्त ळ आला नाही. जिथे तिथे ल. पिसाळांचे पिसाल झाले, बाळाचं बाल. मग मी अक्कल पाजळली आणि सरसकट सगळ्या ल चे ळ केले.

"वा! आता सगळ्यांची ळग्नं लागली," काका म्हणाले. मला ते आधीसारखं करायला लावलं, चष्मा पुसला आणि एकेक ळ हाताने घालायला बसले. सकाळ-दुपार, तीन महिने. दोनशे चाराव्या पानावर होते तेव्हा धारहून फोन आला. आत्याला आता उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं.

त्याच आठवड्यात क्लासमध्ये शिकवताना मी तो प्रोग्राम उघडला आणि भाषांची यादी सहज खाली सरकवली. हिंदीच्या बरीच खाली मराठी होती. मी हिंदी निवडली होती. घाईत नव्हे, आणखी खाली बघायचं असतं हे मनातच आलं नव्हतं. मराठी निवडून पानं पुन्हा घातली. चहा पिऊन होईस्तोवर सगळे ळ जागच्या जागी आले. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

संध्याकाळी काकांना सांगितलं. ते तेव्हाही ळ च घालत होते.

"चूक झाली, काका. लिपी तर एकच आहे ना, म्हणून हिंदी..."

"यादीत मराठी होती?"

"होती."

त्यांनी कीबोर्ड बाजूला सारला.

"आणि आपण मराठी आहोत हे तुझ्या ध्यानातच नाही आलं?"