कुझमाचं पांढरं जाळं

पोडवाला नावाच्या बंदरात फुटबॉलचा क्लब निघाला, तेव्हा कुझमा जाळेवाल्याला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी त्याला काही सांगता आलं नसतं. मोठी लढाई संपून तीन वर्षं झाली होती. सुताराचा नादालिन स्प्लिट शहरातून शिकून परतला तो बगलेत चामड्याचा चेंडू मारूनच. त्यानं अकरा पोरं जमवली, क्लबाचं नाव ठेवलं ‘गालेब’, म्हणजे समुद्रपक्षी, आणि बेटावरचा एकुलता एक सपाट तुकडा, रोकबाबाच्या देवळाखालचा, जिथं बायका जाळी वाळत घालायच्या, तो ताब्यात घेतला. बायकांनी आठवडाभर तोंडाचा पट्टा चालवला. मग रविवारपुरती जागा सोडली.

कुझमाचं वय तेव्हा अठ्ठावन्न. बाप जाळीच विणायचा, आजाही. याला मात्र होडीत पाय ठेवला की ओकारी यायची, म्हणून जन्मभर तो धक्क्यावरच बसला. समुद्र त्याला ठाऊक होता तो जाळ्यांतून. कुठलं जाळं कुठल्या खडकावर फाटलं, हे नुसत्या चिंधीवरून सांगायचा. बाकी जगाचं त्याला फारसं उमगत नसे. नाही समजलं तर विचारायचा, विचारूनही नाही समजलं तर मान डोलवायचा. त्याची बायको लुक्रिया म्हणायची, “कुझमा मान डोलवतोय म्हणजे काही कळलेलं नाही. कळलं असतं तर भांडला असता.”

पोरांच्या खेळात दर रविवारी एकच तंटा व्हायचा. चेंडू दोन खांबांच्या आतून गेला की बाहेरून? मागं अडवायला काही नाही, चेंडू थेट समुद्रात. शेवटी ईस्टरच्या आधी नादालिन कुझमाच्या ओट्यावर येऊन बसला.

“बार्बा,” तो म्हणाला, काकाला तिकडं बार्बाच म्हणत, “दोन जाळी पाहिजेत.”

“काय धरायचंय?”

“हा चेंडू.”

कुझमानं चेंडू हातात घेतला, उलटासुलटा केला. पाठीवर टाका घातलेला, चरबी चोळलेला. “एकटा फिरतो का थव्यानं?”

“एकच असतो, बार्बा.”

“आणि दोन जाळी? एकासाठी?”

“एक जाळं आपलं, एक त्यांचं. चेंडू त्यांच्या जाळ्यात गेला की आपला एक झाला.”

“त्यांच्या जाळ्यात गेला तर त्यांचा झाला.”

“तसं नाही हो. ज्याच्या जाळ्यात जास्त, तो हरला.”

कुझमानं सुई खाली ठेवली. “मग जाळं लावायचंच कशाला? न लावणारा जिंकेल की.”

नादालिननं वाळूत रेघा ओढून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ऊन ओट्यावरून उतरून पायरीपाशी गेलं. कुझमा मान डोलवत राहिला.

पण जाळं म्हणजे जाळं. त्यात त्याला कुणी शिकवायला नको होतं. जाळ्यातल्या एकेका घराला आस म्हणतात, आणि आस किती ठेवायचा यातच जाळेवाल्याची अक्कल. जाळं म्हणजे भिंत नव्हे. मासा डोकं खुपसतो, कल्ल्यांपर्यंत आत जातो आणि तिथंच अडकतो, पुढं नाही, मागं नाही. कुझमानं चेंडूभोवती दोरा गुंडाळून माप घेतलं आणि चेंडू निम्मा आत शिरून अडकेल असा आस धरला. विणताना बोटांनी आपणहून आठात एक वाढवलं, कारण पाइनच्या सालीच्या काढ्यात उकळलं की सूत आठात एक आटतं. हे त्याला आठवावं लागत नसे. मापाची फळीच तशी होती, आज्याच्या हातची.

तीन आठवड्यांत दोन्ही जाळी तयार झाली. गुरुवारी धक्क्यावरची काढ्याची सामाईक कढई त्याच्या नावची होती. पण बुधवारीच नादालिन आला आणि जाळी बघून हरखला.

“बार्बा, अशीच राहू द्या. पांढरीच.”

“कच्च्या पिठाला भाकरी म्हणतोस का?”

“काढ्यात घातली की तपकिरी होणार, चेंडूही तपकिरी. पंचाला दिसायचं काय? स्प्लिटला पांढरीच असतात. रविवारी ब्रिझाकची पोरं येतायत, एवढा एक रविवार. सोमवारी खुशाल उकळा.”

कुझमा कुरकुरला, कच्चं जाळं दंवानं कुजतं म्हणाला. पण एका रविवारात काय कुजणार? दिलं. न उकळलेलं जाळं त्याच्या हातून आजवर बाहेर गेलंच नव्हतं, म्हणून कुजण्यापलीकडचा विचार मनात आला नाही.

रविवारच्या सामन्याला तो गेला तो वेगळ्याच कारणानं. ब्रिझाक म्हणजे समोरचं बंदर. तिथला म्हातारा जाळेवाला फेब्रुवारीत वारला होता आणि बार्तुल, ज्याच्या चार होड्या सार्डिन मासळीवर जायच्या, नवा माणूस शोधत होता. चार होड्यांची जाळी म्हणजे दोन हिवाळ्यांचं काम. आणि नुसतं काम नव्हे. ब्रिझाकवाल्यांनी पोडवाल्याचं जाळं घेतलं, असं आजवर कधी घडलं नव्हतं. बार्तुल पोरांना घेऊन येणार हे कळल्यावर लुक्रियानं कुझमाला लग्नातला कोट घालायला लावला.

“काही विचारलं तर मान डोलवू नकोस,” ती म्हणाली. “बोल.”

सकाळी नादालिननं त्याला जागेवर नेऊन दाखवलं होतं: “समुद्राकडचं जाळं आपलं, देवळाकडचं ब्रिझाकचं.” कुझमानं ते पाठ केलं आणि समुद्राकडच्या जाळ्याशेजारी तिवई मांडली.

बार्तुल होडीतून उतरला तो सरळ जाळ्यापाशी. अंगठ्यानं गाठ दाबून पाहिली, ओढून पाहिली.

“गाठ चांगलीये.”

“आज्याची आहे.”

“रंग का नाही?”

“पोरांची हौस.”

“हं,” बार्तुल म्हणाला आणि शेजारच्या दगडावर बसला. त्यालाही खेळातलं काही कळत नव्हतं, एवढं कुझमाला बरं वाटलं.

पोरं धावली, पडली, एकमेकांच्या नडग्या फोडल्या. कुणाच्याच जाळ्यात काही गेलं नाही. मध्यंतरात लुक्रियानं पाणी घातलेली वाइन आणि सुके अंजीर आणले. कुझमा बार्तुलला जाळ्याची कड कशी दुहेरी घेतली ते दाखवत होता. त्याच वेळी पाठीमागं दोन्ही टोळ्यांनी बाजू बदलल्या. असं काही असतं हे नादालिन सांगायला विसरला होता, किंवा त्यानं सांगितलं तेव्हा कुझमा मान डोलवत होता.

सामना संपत आला तेव्हा वाऱ्यानं धूळ उठली. त्या धुळीतून बेकरीवाल्यांचा येर्को, आपलाच, पोडवाल्याचा, चेंडू घेऊन सुसाट समुद्राकडच्या जाळ्यावर आला आणि त्यानं लाथ हाणली. चेंडू सणसणत गेला तो समुद्रातच पडला.

कुझमा तिवईवरून अर्धवट उठला. येर्को आपल्याच जाळ्यावर? याचा मामा ब्रिझाकचा, हे त्याला आठवलं.

मग जो गलका झाला, त्यानं तो पुरता चक्रावला. पोडवाल्याची पोरं ओरडत होती, “आत! आतून गेला!” आणि ब्रिझाकची छातीवर हात मारून सांगत होती, “बाहेरून, देवाशपथ बाहेरून!” आपण हरलो असं म्हणत आपलीच माणसं भांडतायत आणि जिंकायला नको म्हणून पाहुणे. हरण्यासाठी असं हमरीतुमरीवर आलेलं त्यानं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

“यांचं काय बिनसलंय?” त्यानं बार्तुलला विचारलं.

“तुमचं जाळं फाटलंय म्हणतायत,” बार्तुल म्हणाला आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. “फाटलं?”

“माझं जाळं एका लाथेत फाटत नाही.”

पंच होता झ्वोनिमिर, बंदर-कचेरीतला कारकून. मुख्य भूमीवरून बदलून आलेला, म्हणून दोन्ही बंदरांना सारखाच परका. धुळीत त्याला काही दिसलं नव्हतं. त्यानं जाळ्यावरून हात फिरवला आणि मान हलवली. “कुठंही भोक नाही. म्हणजे चेंडू बाहेरून गेला.”

“जाळेवाल्याला विचारा,” नादालिन म्हणाला. “बार्बा, नीट बघा हो. कुठंतरी सुटलं असेल.”

तो कुझमाचा कोट ओढत होता. कुझमाला वाटलं, पोरगं शिकलंय पण भान हरपलंय. ‘सुटलंय’ म्हटलं तर आपली पोरं हरणार आणि माझं नाव जाणार, हा मागतोय तरी काय?

“कुझमा,” पंच म्हणाला, “तुम्ही सांगाल ते मी मानीन. ब्रिझाकवाल्यांनो, चालेल?”

“चालेल,” बार्तुल बसल्या जागेवरून म्हणाला. “आपल्या जाळ्याबद्दल खोटं बोलेल तो जाळेवाला कसला?”

कुझमा गुडघ्यांवर बसला आणि खालच्या कोपऱ्यापासून एकेक आस बोटांतून काढत गेला. गाठ, गाठ, गाठ. सगळं शाबूत. त्याच्या जिवात जीव आला. आता उठायचं आणि म्हणायचं, फाटलेलं नाही. पोरं वाचतील, बार्तुल ऐकेल, चार होड्या येतील. तेवढ्यात कमरेच्या उंचीवर एक आस बोटांना ओशट लागला. चारी बाजूंनी सूत तपकिरी झालेलं, चरबी लागलेली. एकाच आसाला, आणि सगळ्या बाजूंनी.

त्यानं बोटांचा वास घेतला. मग त्या आसात पंजा पसरून पाहिला. आज्याची फळी. आठात एक. उकळलंच नव्हतं.

जाळं फाटलं तर दोष खडकाचा, माशाचा, वयाचा. आस चुकला तर दोष विणणाऱ्याचाच, दुसरा धनी नाही. आणि हे फक्त त्याला कळलं होतं. नुसतं ‘फाटलेलं नाही’ म्हटलं तरी ते खरंच होतं. गप्प राहिलं की पोरंही वाचत होती आणि नावही.

त्यानं तो आस पुन्हा एकदा चाचपला. लुक्रिया मागून म्हणाली, “कुझमा, बोल की. मान डोलवू नकोस.”

“चेंडू कुठाय?” त्यानं विचारलं.

कुणीतरी होडी घालून चेंडू आणला होता, पाणी गळत होतं. कुझमानं तो घेतला, त्या ओशट आसावर ठेवला आणि तळव्यानं दाबला. सूत ताणलं, चेंडू क्षणभर अडल्यासारखा झाला आणि अंड्यासारखा पलीकडं उतरला.

“फाटलेलं नाही,” तो म्हणाला. “आस मोठा पडलाय. काढा दिला नाही म्हणून आटला नाही. चेंडू आतूनच गेला. चूक माझी.” मग त्यानं नादालिनकडे न बघताच म्हटलं, “माफ कर रे पोरा, घात केला तुमचा.”

शिट्टी वाजली आणि अकराच्या अकरा पोरं त्याच्यावर तुटून पडली. कुझमानं डोळे मिटले. समुद्र जवळ होता, आणि पोहता त्याला येत नव्हतं. त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं, हिंदकळवत देवळाभोवती फिरवलं, आणि दुसऱ्या फेरीला होडीत यायची तशी ओकारी त्याला आली. येर्कोच्या डोक्यावरच. फितुराला बरी शिक्षा झाली, असं त्याला वाटून गेलं.

खाली उतरला तेव्हा बार्तुलचा दगड रिकामा होता.

त्या संध्याकाळी लुक्रियानं टेबलावर दोन पेले आडवे ठेवले, मध्ये अंजीर ठेवला आणि नवऱ्याला बाजू बदलणं समजावलं. तिला बघून बघूनच कळलं होतं.

“म्हणजे आपण जिंकलो?”

“जिंकलो.”

“मी सांगितलं म्हणून?”

“तू सांगितलंस म्हणून.”

“आणि बार्तुल?”

लुक्रियानं अंजीर उचलून खाल्ला. “तो वेगळा सामना,” ती म्हणाली.

धक्क्यावर त्याला नवं नाव पडलं, ‘मोठा आस’. सोमवारी मासळी खारवून पिंपं भरणारे मीठवाले म्हणाले, “काय मोठा आस, यंदा देवमाशासाठी विणताय का?” कुझमा कढईखाली लाकडं सारत राहिला. दोन्ही जाळी काढ्यात बुडवली, काठीनं ढवळली, दोन दिवस मुरू दिली आणि रोकबाबाच्या देवळाखाली वाळत घातली.

गुरुवारी बार्तुल आला. बाजाराला चाललो होतो म्हणाला, जरी बाजार मंगळवारी असायचा. नादालिनकडून चेंडू मागून आणला होता. त्यानं वाळलेल्या जाळ्याचा एक आस निवडला आणि चेंडू दाबला. निम्मा आत गेला आणि रुतून बसला. ओढला तरी निघेना. बार्तुलनं पाय लावून पाहिला.

“आटलं किती?”

“आठात एक.”

“एका होडीचं विण,” बार्तुल म्हणाला. “बाकी तिन्हींचं पुढं बघू. आमच्याकडं पण हसतायत तुला.”

कुझमानं ‘हो’ म्हटलं. दोघांनी मिळून चेंडू उपटायला घेतला. निघेचना, म्हणून शेवटी बार्तुलनं बाहेरून आणि कुझमानं आतून जोर लावला.

“बार्तुल, तुला म्हणून विचारतो,” कुझमा धापा टाकत म्हणाला. “तो गोल आमच्यासाठी चांगला झाला ना? बायको चांगला म्हणते.”

बार्तुलनं चेंडू बगलेत मारला. “मला काय कळतंय. पण आमची पोरं होडीत रडत होती. म्हणजे चांगलाच असणार.”

कुझमानं मान डोलवली.