भिंतीवरचा फिकट चौकोन

मॅडमनी आमच्या संडासाचा फोटो काढला. फ्लश ओढून बघितला, नळ सोडून बघितला. मग मोबाइल पर्समध्ये टाकत म्हणाल्या, "घर स्वच्छ आहे हो तुमचं."

आई कृतार्थ झाल्यासारखी हसली. चार दिवस घासत होती ती. मला मात्र ते वाक्य कानाखाली बसल्यासारखं लागलं. घाण निघेल या तयारीनेच आलेली बाई असं बोलते.

इकडे उत्तरेत, शहराला लागून असलेल्या खरडमधलं आमचं घर म्हणजे दीड खोली. बाबा फौजेतून जवान म्हणून निवृत्त झाले आणि परभणीला परत न जाता इथंच राहिले. आता सेक्टर चौतीसमधल्या एका कोचिंग क्लासच्या दारात सिक्युरिटीचा गणवेश घालून उभे असतात. आमच्या घरात प्रवास झाला तो सगळा बदलीचा. काळी ट्रंक, आणि जिथं धाडतील तिथं. नुसतं बघायला म्हणून आमच्यातलं कोणी कुठं गेलं नव्हतं.

म्हणून मला जायचं होतं. एका संस्थेची योजना होती. ज्यांच्या घरातून कोणी परदेश पाहिला नाही, अशा तरुणांना तीन आठवडे फ्रान्समधल्या एका गावात न्यायचं. तिथल्या घरात राहायचं, त्यांचे सण, बाजार, म्युझियम बघायचं. आमच्या शहरातून एकच जागा, वंचितांसाठी राखीव. मुलाखतीत मी पहिली आले. पासपोर्ट काढला. अट एकच उरली होती. मी ज्यांच्याकडे राहणार, त्यांची मुलगी नंतर माझ्या घरी येऊन राहणार. त्यासाठी घरभेट.

संस्थेच्या वतीने घर बघायला या मॅडम आल्या. मूळच्या पुण्याच्या, यजमान मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर. मराठी मंडळातली मुलं त्यांना काकू म्हणत. आम्ही मॅडम म्हणायचो. तसं म्हणा, असं आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

खुर्चीत बसल्यावर त्यांची नजर समोरच्या भिंतीवर गेली. पिवळट रंगात एक फिकट चौकोन. वर खिळा.

"इथं काय होतं?"

"कॅलेंडर," आई म्हणाली.

खोटं होतं. तिथं फोटो होता. निळा कोट, गोल चष्मा, हातात जाड पुस्तक. कोणाचा ते मराठी माणसाला सांगायला नको. बाबा रोज ड्युटीवर निघताना त्या फोटोला कडक सॅल्यूट ठोकतात. तो आदल्या दिवशी उतरवला होता आणि उतरवायला मीच सांगितलं होतं. "एकच दिवस, बाबा." बाबांनी फोटो टॉवेलात गुंडाळला आणि ट्रंकेत ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. मॅडमनी केला तो अपमान नंतरचा. पहिला मी केला होता.

आणि उपयोग शून्य. मॅडमनी चौकोनाकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि विचारलं, "मूळ गाव कुठलं तुमचं? आडनाव पहिल्यापासून हेच का?" उत्तर मिळाल्यावर त्यांनी मान हलवली. चहावर साय धरली. त्या उठल्या.

आठवड्याने मला त्यांच्या बंगल्यावर बोलावलं. मॅडम फार गोड बोलल्या.

"तुमच्याकडे तिची गैरसोय होईल गं. तिकडची मुलगी आमच्याकडे राहील. तू दिवसा येत जा. आणि आईंनाही आण. लॉनवर चूल मांडू, त्या भाकऱ्या थापून दाखवतील. लुगडं नेसून यायला सांग हं, तिला फोटो काढायला आवडेल."

माझी आई सलवार-कमीज घालते. गॅसवर पोळ्या करते. चूल तिने शेवटची कधी पेटवली ते तिलाही आठवणार नाही.

"आणि मी कधी जायचं?" मी विचारलं.

त्यांनी एक टाईप केलेला कागद पुढे सरकवला. 'वैयक्तिक कारणामुळे मी स्वेच्छेने माघार घेत आहे.' खाली माझं नाव. मी स्वतःहून हटले तर राखीव जागा सर्वांना खुली होणार होती. यादीत पुढचं नाव त्यांच्या मुलीचं. ती दोनदा युरोप फिरून आलेली. दारातच उभी होती. मराठी कळते तिला, पण उत्तर हिंदीत. म्हणाली, "साइन कर दे ना यार. मम्मी को आज ही देना है."

मला डोळ्यांपुढे फक्त तो रिकामा खिळा दिसत होता. मी पेन घेतलं. 'स्वेच्छेने' या शब्दावर काट मारली. खाली लिहिलं, 'मी माघार घेतलेली नाही. माझं घर बघून मला नाकारलं आहे.' मग सही केली. मोबाइलवर फोटो काढून संस्थेला पाठवला, मॅडमच्या समोर.

"डोक्यावर बसवलं की असंच होतं," मॅडम म्हणाल्या. आता मराठी खणखणीत होती.

संस्थेचं उत्तर दोन ओळींचं आलं. यंदा या शहरातून कोणी जाणार नाही. मॅडमची मुलगी गेली नाही. मीही गेले नाही. मंडळाच्या कार्यक्रमाची निमंत्रणं आम्हाला यायची बंद झाली. आई अजून म्हणते, "गप ऱ्हायली असतीस तर पुढच्या साली तरी इचार केला असता त्यांनी." नसता केला. पुढच्या साली दुसऱ्या कुणाचा संडास बघितला असता.

कागदावर सही केली त्याच संध्याकाळी मी ट्रंक उघडली; एका दिवसाचा आठवडा झाला होता. टॉवेल सोडला आणि फोटो त्याच खिळ्याला लावला. चौकोन झाकला गेला. सकाळी बाबांनी सॅल्यूट केला, मला नाही, फोटोला. मला माफ केलंय की नाही ते त्यांनी सांगितलेलं नाही, मी विचारलेलंही नाही.

पासपोर्ट ट्रंकेत आहे. दहा वर्षं चालणारा, एकही शिक्का नसलेला. मला अजूनही जायचंय. कधी जमेल असं वाटत नाही. पण पुन्हा कोणी घर बघायला आलं, तर त्याला त्या फोटोसमोर बसावं लागेल. फोटो उतरवून मी कुठंही जाणार नाही. पासपोर्ट कोराच संपला तरी बेहत्तर.