वेणीमावशींचा कौल

लढतीच्या दिवशी मावशींच्या पार्लरमध्ये येणाऱ्या मुलीला आरसा मिळत नसे. भिंतीकडे तोंड करून एका बुटक्या स्टुलावर बसायचं आणि डोकं मावशींच्या हवाली करायचं, एवढंच तिचं काम. तेल चालत नाही, पिना चालत नाहीत, धातूचा चाप तर मुळीच नाही. पाण्याचा फवारा, टोकदार दांड्याचा कंगवा आणि बारीक रबरं एवढ्या सामानावर मावशी डोक्याला चिकटून जाणाऱ्या वेण्या घालत, आणि त्या इतक्या घट्ट की भल्याभल्या मुलींच्या डोळ्यांत पाणी यायचं. ज्या पोरी संध्याकाळी दुसरीच्या लाथा तोंडावर झेलणार, त्या इथे 'मावशी, हळू ना' म्हणून कळवळायच्या. मावशी म्हणत, इथेच रडून घे बाई, तिथे वेळ मिळायचा नाही.

पार्लरच्या भिंतीला लागून जिम होतं. तिथे मिक्स्ड मार्शल आर्ट्स शिकवत, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती, गळा आवळणं, हात पिरगाळणं, सगळं एकाच लढतीत. आणि लढत जाळीच्या पिंजऱ्यात, म्हणजे काढता पाय घ्यायचीही सोय नाही. मावशींना सुरुवातीला हा निव्वळ वेडेपणा वाटला होता. मग एकदा एका मुलीचे केस ऐन लढतीत सुटून डोळ्यांवर आले, समोरून येणारा ठोसा तिला दिसलाच नाही, आणि दुसऱ्या दिवशी जिमचे कोच पार्लरच्या दारात येऊन उभे राहिले. काहीही झालं तरी सुटणार नाही अशी वेणी घालता येईल का, असं त्यांनी विचारलं. मावशींच्या कामाला कुणी असं कधी डिवचलं नव्हतं, त्यामुळे त्यांनी लगेच हो म्हटलं. तेव्हापासून सगळ्या लढवय्या मुलींची डोकी त्यांच्या हाताखालून जाऊ लागली. बाहेरगावच्या पाहुण्या मुलीही त्यांच्याकडेच येत, आणि मावशी त्यात आपपरभाव करत नसत.

डोकं हातात आलं की मावशींना कळायचं. कसं कळायचं ते त्यांना धड सांगता येत नसे. भीती तर सगळ्यांनाच असते, तिचं काही नाही, असं त्या म्हणत. सगळं कळायचं ते मानेवरून. काहींची मान कंगव्याच्या प्रत्येक ओढीबरोबर मागे येते. त्या हरतात, पण धडधाकट परत येतात. काहींची मान लाकडासारखी ताठ होते, आणि त्यांना पिंजऱ्यात पाठवू नये. पण एखादी अशी येते की थोड्या वेळाने आपल्या डोक्यात कुणी वेण्या घालतंय हेच विसरून जाते. मान तिथे, मुलगी दुसरीकडेच. ती जिंकते. असं झालं की मावशींच्या अंगावर काटा यायचा. संध्याकाळी निकाल तसाच लागला की त्या आपले तळहात उलटसुलट करून बघत. या हातांना हे कुणी सांगितलं, याचं नवल त्यांचं त्यांनाच ओसरत नसे.

कोचचा मेहुणा येत्या लढतींचे अंदाज एका वेबसाइटवर लिहायचा. हाताची लांबी, मागच्या लढती, कोण खाली पाडण्यात हुशार, कोण खालून उठण्यात, असा सगळा अभ्यास करून लिहायचा, आणि बऱ्याचदा त्याचं बरोबरही यायचं. पण त्याचा लेख आदल्या दिवशी छापून यायचा आणि मावशींचा कौल लढतीच्या सकाळी, हे त्याचं कायमचं दुखणं होतं. मावशी, निदान दाट केसांवरून तरी काही सांगा, असं तो गयावया करून विचारायचा. त्या म्हणायच्या, दाट केसांवरून एवढंच कळतं की पाणी जास्त लागणार.

कौल सांगायची एक पद्धत होती. मुलीसमोर काही बोलायचं नाही, हा मावशींचा नियम. म्हणून वेण्या झाल्या की कोच दारात येऊन नुसतं विचारत, 'मावशी, चहा?' मावशी 'घेते' म्हणाल्या म्हणजे जिंकणार. 'अर्धाच द्या' म्हणजे हरेल, पण जाऊ द्या. आणि 'नको' म्हणजे पाठवू नका. एका मुलीच्या वेळी त्यांचं 'नको' कोचनी हसण्यावारी नेलं होतं. तिचा खांदा निखळला आणि ती पुन्हा कधी जिमची पायरी चढली नाही. तेव्हापासून मावशींनी चहा नाकारला की कोच काहीतरी सबब काढून मुलीचं नाव मागे घेत. मुलींना यातलं काही ठाऊक नाही, अशी दोघांचीही खात्री होती.

आणि मग एक दिवस त्या स्टुलावर मावशींची स्वतःची मुलगी येऊन बसली.

तिला सगळे भिंगरी म्हणत. लहानपणी एका जागी बसेल तर शपथ, म्हणून ते नाव पडलं आणि तेच चिकटलं. दिवसभर ती पार्सलच्या गोदामात खोकी उचलायची, आणि कामावर जायच्या आधी पहाटे जिममध्ये घाम गाळायची. तिची पहिली लढत दोनदा ठरून मोडली होती. एकदा समोरची मुलगी आजारी पडली, एकदा हॉलचंच काहीतरी बिनसलं. दोन्ही वेळा भिंगरी घरी येऊन काही न बोलता जेवली आणि भांडी घासायला लागली. ती रडली असती तर मावशींना बरं वाटलं असतं. आता तिसऱ्यांदा लढत ठरली होती. रस्त्यापलीकडच्या क्रीडा संकुलात पिंजरा उभा राहिला होता, आणि मेहुण्याने आपल्या अंदाजात भिंगरी जिंकणार असं सकारण लिहिलं होतं. जातीने येऊन त्याने ते मावशींना वाचूनही दाखवलं.

त्या सकाळी आधी पाहुणी मुलगी आली. उंच, कमी बोलणारी. मावशींनी तिच्या केसांत पहिला भांग पाडला आणि दुसरी वेणी संपायच्या आत त्यांच्या अंगावर काटा आला. मुलगी तिथे नव्हतीच. तिची मान इतकी निवांत होती की मावशींनी इतक्या वर्षांत तशी मान हातात धरली नव्हती. एरवी त्यांनी मनातल्या मनात त्या मुलीची दृष्ट काढली असती. आज ते जमलं नाही. हिच्यासमोर संध्याकाळी आपली पोर उभी राहणार होती.

ती गेली आणि भिंगरी बसली. हे डोकं मावशींना तोंडपाठ होतं. डाव्या कानामागचा भोवरा, कपाळावरची न बसणारी बारीक लव, सगळं. बालवाडीपासून रोज त्यांनीच विंचरलेलं. त्यांनी पेड घ्यायला सुरुवात केली. भिंगरी आधी गोदामातल्या कुणाची तरी नक्कल करत होती, मग बोलता बोलता थांबली. तिची मान हळूहळू ताठ होत गेली. शेवटच्या वेणीपर्यंत ती लाकूड झाली होती. खांदा निखळलेल्या त्या मुलीची मान अशीच होती.

कोच दारात आले. आज त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता.

'मावशी, चहा?'

भिंगरी भिंतीकडे तोंड करून बसली होती, हूं की चूं न करता. एक शब्द बोलला की पोर वाचणार होती, आणि त्याच शब्दाने तिची लढत तिसऱ्यांदा मोडणार होती. पुन्हा ती घरी येणार, काही न बोलता जेवणार आणि भांडी घासणार. खांद्यापेक्षा ते बरं, असं मावशींचं मन सांगत होतं. त्यांनी नाही म्हणायला तोंड उघडलं.

'घेते,' त्या म्हणाल्या.

कोचचा चेहरा खुलला. त्यांनी कप आणून दिला आणि मावशींनी तो त्यांच्यादेखत संपवला. जीभ पोळली, चव काही कळली नाही. ज्या कौलावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवत, तो त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा खोटा दिला होता.

संकुलात मावशींना पिंजऱ्याजवळची खुर्ची मिळाली. कोपऱ्यातली मदतनीस म्हणून कोच त्यांचं नाव नेहमीच देऊन ठेवत, कंगवा आणि रबरं कनवटीलाच असत. पण आजवर त्यांना कधी उठावं लागलं नव्हतं. त्यांची वेणी कधी सुटलीच नव्हती.

पहिली फेरी बरी गेली. दुसरीत त्या उंच मुलीने भिंगरीची कंबर धरून तिला खाली आपटलं आणि तिच्या छातीवर बसली. भिंगरी वळवळून सुटली, उठली, आणि उठता उठता तिच्या डोक्यावरची मधली वेणी सुटली. मग शेजारची. केस घामाने कपाळाला आणि डोळ्यांना चिकटले. ती एका हाताने केस मागे सारायची आणि तेवढ्यात ठोसा बसायचा. मावशींच्या हातची वेणी सुटली होती, आणि का सुटली ते त्यांना बसल्या जागी उमगलं. आज त्यांनी पेड ओढलेच नव्हते. उंच मुलीची मान सोडून त्यांनी हे डोकं हातात घेतलं आणि त्यांचे हात कधी मऊ झाले ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. जी पोर मार खाणार आहे, तिला आपण आणखी कशाला दुखवायचं, असं त्या हातांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

घंटा झाली. कोचनी हाक मारली. मावशी पिंजऱ्याच्या पायऱ्या कशा चढल्या ते त्यांना आठवत नाही. भिंगरी स्टुलावर बसली होती, नाकातून रक्त, छाती धपापतेय. मावशी तिच्यामागे गुडघ्यांवर बसल्या आणि सगळा जीव बोटांत आणून त्यांनी केस खेचले. 'आई गं,' भिंगरी कळवळली. मावशींनी आणखी खेचले. मिनिटभराची विश्रांती, त्यात दोन वेण्या. दुसरीला रबर लावताना त्यांना जाणवलं की हातातली मान सैल पडली आहे. भिंगरी तिथे नव्हती. ती समोरच्या कोपऱ्याकडे बघत होती, आणि आपल्या डोक्याला कुणी हात लावतंय हे ती विसरून गेली होती. समोरची उंच मुलगीही तशीच बसली होती. दोघी सारख्याच. मावशी खाली उतरल्या तेव्हा त्यांना काहीसुद्धा कळत नव्हतं, आणि असं आजवर कधी झालं नव्हतं.

तिसरी, शेवटची फेरी त्यांनी उभ्याने पाहिली. आपण काय पाहतोय यावर त्यांचा विश्वास बसेना. ही खोकी उचलणारी पोर, हिला आपण जन्म दिला, आणि ही कोण आहे ते आपल्याला ठाऊक नाही. भिंगरी खाली पडली आणि पडता पडता तिने त्या मुलीलाच उलटं केलं. भिंगरीचा हात पिरगाळला गेला, मावशी मनातल्या मनात 'हार मान, हार मान' म्हणाल्या, आणि तिने इंचाइंचाने तो हात सोडवून घेतला. बघ्यांचा गलका थांबला होता. शेवटची घंटा झाली तेव्हा दोन्ही मुली एकमेकींच्या गळ्यात पडून उभ्या होत्या, कारण एकटीने उभं राहायचं बळ दोघींतही उरलं नव्हतं. सगळा हॉल उठून उभा राहिला.

फेऱ्यांचे गुण मोजून पंचांनी उंच मुलीचा हात वर केला. दुसऱ्या फेरीने घात केला होता.

कोचनी मावशींकडे बघितलं. 'तुम्ही चहा घेतला होतात' हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मावशींनी नजर चुकवली नाही. खोटा घेतला, त्या म्हणाल्या. कोचनी मान हलवली आणि ते बर्फाची पिशवी आणायला गेले.

कपडे बदलायच्या खोलीत भिंगरी बाकावर बसली होती. एक डोळा सुजून बंद झालेला, ओठ फुटलेला, हातपाय मात्र शाबूत. मावशींनी ओल्या टॉवेलने तिचं तोंड पुसायला घेतलं. पुसता पुसता त्यांनी सरळच सांगून टाकलं, की वेणी माझ्यामुळे सुटली, मीच ढिली घातली होती.

'मला माहितीये,' भिंगरी म्हणाली. 'सकाळी दुखलंच नाही ना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला तेव्हाच कळलं तुझ्या हातांना काय कळलंय ते.'

मावशींच्या हातातला टॉवेल थांबला. तिची मान लाकूड का झाली होती ते त्यांना आत्ता कळलं. मावशी पोरीचं डोकं वाचत होत्या, आणि पोर त्यांचे हात.

'अगं, मग बोलायचं नाही? घट्ट घाल म्हणून?'

'बोलले असते तर मला कळलंय हे तुला कळलं असतं. मग तू चहा घेतला नसतास.' भिंगरीने फुटल्या ओठाने हसायचा प्रयत्न केला. 'चहाचं सगळ्या मुलींना ठाऊक आहे, आई. कोचना वाटतं आम्ही शेंबड्या पोरी आहोत.'

मावशी बाकावर तिच्याशेजारी बसल्या. हरणार हे कळून, केस सुटणार हे कळून ही मुलगी मुकाट्याने भिंतीकडे बघत बसली होती, आणि मग स्वतःच्या पायांनी चालत त्या पिंजऱ्यात गेली होती. इतकी डोकी हाताखालून गेली, पण हे त्यांना कुठल्याच मानेने सांगितलं नव्हतं. त्यांना तिच्या पाया पडावंसं वाटलं. आईने असं करायचं नसतं, म्हणून त्यांनी तिचा सुजलेला हात दोन्ही हातांत धरून ठेवला.

'पुढच्या वेळी दुखव,' भिंगरी म्हणाली.

'दुखवीन,' मावशी म्हणाल्या.