पक्कडची उघडी मूठ

त्याला सगळे पक्कड म्हणायचे. भट्टीतून काढलेला लोखंडाचा लालबुंद तुकडा सांडशीत धरून यांत्रिक हातोड्याखाली द्यायचा, हे त्याचं काम. मी शेजारच्या हातोड्यावर होतो. ठिणगी उडाली, चटका बसला, हात भाजला, तरी सांडशी सोडायची नाही. दुखलं की मूठ आणखी आवळायची. आमच्या खात्यात हाच पहिला धडा. एकाने एकदा सोडली होती. तुकडा उडून समोरच्याच्या जबड्यावर बसला. दात खाली पडलेले मी पाहिले, आणि जळक्या मांसाचा वास कपड्यांतून आठवडाभर गेला नाही.

पक्कडने कधी सोडली नाही. पण तीच मूठ तो घरी नेत असे. सुपरवायझरने शिवी दिली म्हणून त्याने त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं, ती गोष्ट आम्ही हसत सांगायचो. बायकोला मारायचा, ती कुणी सांगत नसे. बायको पुढे आजारपणात गेली. मुलीने लवकर लग्न केलं आणि घर सोडलं. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय.

एका दुपारी मुलगी परत आली. एक डोळा काळानिळा, डावं मनगट प्लॅस्टरमध्ये, गळ्यात कापडी पिशवी. पिशवीत मुठीएवढं जनावर होतं. शुगर ग्लायडर. राखाडी अंग, पाठीवर काळी रेघ, डोळे बाहेर आलेले. पुढच्या पायापासून मागच्यापर्यंत कातडीचा पडदा, तो ताणून हवेत तरंगत जातं. पक्कडने उंदीर म्हटलं, तर मुलीने त्याला गप्प केलं. जोडी होती. नर नवऱ्याने भिंतीवर आपटला. ही मादी उरली.

मुलगी दिवसभर पॅकिंगच्या कामावर. पक्कड पहिल्या पाळीचा, दुपारी घरी. म्हणून पिशवी त्याच्या गळ्यात आली. मुलीने समजावलं, हिला माणसाचा वास आणि छातीचे ठोके ओळखीचे व्हावे लागतात. दिवसा ही झोपते, तेव्हा नुसतं बाळगायचं. संध्याकाळी जागी झाली की बोटाला सफरचंदाचा गर लावून चाटायला द्यायचा. घाई करायची नाही.

त्याने घाई केली. दुसऱ्याच संध्याकाळी हात सरळ पिशवीत घातला. आतून खरखर आवाज आला, बिघडलेल्या यंत्रासारखा, आणि अंगठ्याच्या बेचक्यात दात रुतले. दुखलं, तशी मूठ आवळली गेली. त्याने ठरवून नाही आवळली. हाताला तेवढंच येत होतं.

मुलीने प्लॅस्टरचा हात त्याच्या मनगटावर हाणला. पुन्हा हाणला. प्लॅस्टरला तडा गेला, तेव्हा बोटं सुटली. जनावर टेबलावर पडलं, जीभ बाहेर. बऱ्याच वेळाने पोट हललं.

मुलगी ओरडली नाही. म्हणाली, "आईच्या गळ्याभोवती हाच हात होता, बाबा. मी दाराआडून बघत होते." मग सांगितलं की प्लॅस्टर निघेपर्यंत राहते, तोवर खोली शोधते. एका हात उगारणाऱ्याकडून निघून दुसऱ्याकडे राहायला ती आलेली नव्हती.

हे त्याने मला चहाच्या सुट्टीत सांगितलं, मान खाली घालून. मग खिशातून सुई काढली.

"टोच."

मला वाटलं याचं डोकं फिरलं. त्याने तळहात बाकावर उघडा ठेवला. टोचलं की उघडाच राहिला पाहिजे, हे त्याला शिकायचं होतं. मी टोचलं. मूठ मिटली. पुन्हा टोचलं, पुन्हा मिटली, सुई माझ्या हातातच वाकली. रक्त बाकावर. भट्टीवाला जाताजाता म्हणाला, "काय रे, भविष्य बघतोयस की काटा काढतोयस?" लोक हसले. पक्कडने हात काढला नाही. रोज सुट्टीत हेच चालायचं. मी आयुष्यात पुष्कळ मेहनती माणसं पाहिली. हात मिटू नये म्हणून घामाघूम झालेला हा एकच.

घरी तो दिवे लागताना टेबलाशी बसे. गर लावलेला हात उताणा, दुसरा मांडीखाली दाबलेला. ती यायची, चावायची, पळायची. बोटांवर नव्या जखमा घेऊन तो कामावर येई. एके दिवशी नवी जखम नव्हती. मी विचारलं, तर म्हणाला, चाटून गेली. एवढंच. पण त्या दिवशी त्याने चहाचे पैसे सगळ्यांचे दिले. मुलीचं खोली शोधणं मात्र चालूच होतं.

मग जावई आला, संध्याकाळी, लोखंडी पाइप घेऊन. पुढचं मला खालच्या मजल्यावरच्या न्हाव्याने सांगितलं. आवाज ऐकून तो वर धावला होता.

मुलगी शेगडीशी होती. पक्कड दारात, गळ्यात पिशवी. जावई म्हणाला, "बाजूला हो, म्हाताऱ्या, माझं माणूस न्यायला आलोय." पक्कड हलला नाही. पहिला फटका खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज जिन्यात ऐकू आला. पक्कडचा एक ठोसा त्याला पुरला असता, हे आम्ही सगळे जाणतो. त्याने पाठ केली. चौकटीला टेकून, पिशवी पोटाशी घेऊन वाकला आणि दार अंगाने अडवलं. जावई मारत राहिला. पाठीवर, कानावर, पुन्हा त्याच खांद्यावर. कान फाटून लोंबला. आतलं जनावर घाबरून सदऱ्यातून छातीला चावत होतं, तेही तो सोसत होता.

मुलीने उकळत्या पाण्याचं पातेलं उचललं आणि बापाच्या डोक्यावरून जावयाच्या हातांवर ओतलं. पाइप पडला. जावई किंचाळत खाली बसला. न्हाव्याने मागून त्याचे केस धरले.

पक्कडने धडक्या हाताने पाइप उचलला. न्हावी म्हणतो, मी डोळे मिटले, आता याची कवटी गेली. उघडले तर पक्कडने पाइप स्टुलावर ठेवला होता आणि तो त्यावर बसला होता. जावयाला मिळू नये, आणि स्वतःलाही. पोलीस येईपर्यंत तसाच बसून होता. त्या सगळ्या वेळात मुलगी नवऱ्याकडे नाही, बापाकडे बघत होती.

खांदा पुन्हा जुळला नाही. सांडशी कायमची सुटली. मी दवाखान्यात गेलो तेव्हा मुलगी त्याला चमच्याने भरवत होती. तिचं प्लॅस्टर निघालेलं होतं. खोली ठरली, असं तिने मला सांगितलं. मी पक्कडकडे पाहिलं नाही.

"तळमजल्यावर आहे," ती म्हणाली, "दोन खाटा मावतात. बाबांना सांगितलंय, माझ्यापुढे आवाज चढला तर त्याच दिवशी बाहेर."

"मग काय म्हणाला?"

"हो म्हणाले. काय म्हणतील."

पक्कड तोंडातला घास चघळत राहिला.

सामान हलवताना खाट मी आणि न्हाव्याने उचलली. अवघड ओझं, जिना अरुंद, माझे गुडघे बोलायला लागले. पक्कडला फक्त जनावराचा पिंजरा दिला होता. हलका होता, तरी तो पायरीपायरीवर थांबत होता, आणि आम्ही खाट डोक्यावर घेऊन मागे ताटकळत. न्हावी करवादला. पक्कडने मागे न बघता सांगितलं, ती आत्ताच झोपली आहे.