अण्णांचा खोकला

लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झालेल्या माझ्या आईवडिलांना मी वेगळं केलं, तेही मोजपट्टी लावून.

झालं असं. कोरोनाचं पहिलं वर्ष. गणपती नुकतेच गेलेले (घरच्या घरी, बादलीत!). आमचे अण्णा दौलताबादकडच्या आमच्या गावी तूर बघायला निघाले. वय पंच्याहत्तर. मी गणिताचा मास्तर. शाळा बंद, त्यामुळं माझी सगळी शिस्त घरावरच सांडत होती. "जाऊ नका," असं मी तीनदा बजावलं. चौथ्यांदा ऐकायला अण्णा थांबलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी ते परत आले आणि मागोमाग गावाहून फोन आला. ज्या चुलतभावाच्या ओट्यावर बसून अण्णांनी दोन कप चहा प्यायला होता, तो भाऊ पॉझिटिव्ह!

"दोन कप?" मी किंचाळलो.

"पहिला लई गोड होता," अण्णा शांतपणे म्हणाले. "म्हणून दुसरा बिनसाखरेचा घेतला."

मुकुंदवाडीतलं आमचं घर म्हणजे खाली तीन खोल्या, वर गच्ची आणि गच्चीवर पत्र्याची एक खोली. मायला साखरेचा आजार, तिला जपायला हवं होतं. मी अण्णांची रवानगी थेट गच्चीवर केली. चौदा दिवस! जिन्याच्या सातव्या पायरीवर खडूनं रेघ मारली. रेघेच्या वर अण्णा, रेघेच्या खाली माय. मायनं ताट ठेवून मागं सरकायचं, मगच अण्णांनी खाली यायचं. गच्चीपासून रेघेपर्यंत टेपनं मोजलं तर दोन मीटरला चार बोटं कमी पडत होती, म्हणून रेघ पुसून सहाव्या पायरीवर आणली.

माझी बायको सुनंदा दारात उभी राहून हे सगळं बघत होती. "एवढं मोजून मापून तुम्ही स्वयंपाकघरात फळी ठोकली असती," ती म्हणाली, "तर ती पडली नसती." (मी दुर्लक्ष केलं. संकटकाळात नेत्यानं टीकेकडं लक्ष द्यायचं नसतं.)

अण्णांना एक बटणांचा फोन दिला. मायकडं तसलाच एक होता, पण तिला तो नुसता उचलता यायचा, लावता यायचा नाही. मी तिला शिकवलं. एक नंबरचं बटण दाबून धरलं की फोन अण्णांना लागतो. "काही लागलं सवरलं तर विचारत जा," मी म्हणालो. एवढीच माझी चूक.

पहिले तीन दिवस ठीक गेले. चौथ्या दिवसापासून माय दुपारी मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसायला लागली. डोक्यावर पदर, पदराच्या आत फोन.

"कुणाशी बोलतीस गं?"

"मावशीशी."

मावशीशी रोज दोन तास? बरं, परत येताना तिचा चेहरा लालबुंद! मी लगेच ऑक्सिमीटर काढला. माय म्हणाली, "मला काय बी झालं नाय." मी म्हणालो, "सुरुवातीला सगळे असंच म्हणतात." दिवसातून चारदा तिचं बोट त्या चिमट्यात. आकडा अठ्ठ्याण्णव. चेहरा मात्र लालच.

आणि तेराव्या दिवशी वरून आवाज आला. खॉक्! खॉक्!

मी ताटावरून उठलो. रेनकोट चढवला, डोक्यात हेल्मेट घातलं, हातांना दुधाच्या पिशव्या बांधल्या आणि जिना चढलो. शेजारच्या गच्चीवर शेखचाचा कपडे वाळत घालत होते. टेलर माणूस, माझे कपडे वीस वर्षं तेच शिवतात. मला बघून त्यांच्या हातातला पायजमा खाली पडला.

"क्या मास्टर, हवाई जहाज चलाने जा रें क्या?"

"चाचा, अण्णांना खोकला आलाय!"

चाचांचं हसू लगेच मावळलं. "या अल्लाह. कुछ भी लगा तो आवाज देना. आधी रात को भी देना, हौ?"

अण्णा खाटेवर बसले होते. मला बघून आधी दचकले, मग ओळखलं आणि खॉक् केलं. ताप नव्हता. ऑक्सिजन माझ्यापेक्षा जास्त होता. पण खोकला काही थांबेना. गंमत म्हणजे मी खाली गेलो की थांबायचा आणि जिन्यात पाऊल टाकलं की सुरू! मी सुनंदाला म्हणालो, "जिन्यातल्या हवेचा काहीतरी संबंध आहे." ती बिचारी तोंडाला पदर लावून आत गेली. घाबरली होती तीही.

खरं सांगतो, त्या दिवसांत रोज कुणा ना कुणाची बातमी यायची. आमच्याच गल्लीतला एक माणूस चालत दवाखान्यात गेला आणि परत आला नाही. दुपारी मी मोरीत गेलो, नळ पूर्ण सोडला आणि त्या आवाजात रडून घेतलं. बाहेर आलो तर माय दारातच उभी. माझ्याकडं बघत राहिली. काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि मग नुसता पाण्याचा तांब्या पुढं केला.

दुसऱ्या दिवशी तपासणीची गाडी चौकात आली. अण्णांना पुढं चालवत, मागून दोन मीटरवर मी. नाकात काडी, अर्धा तास वाट. निगेटिव्ह! डॉक्टरीणबाईंनी घसाही बघितला. "आजोबा, घसा तर एकदम साफ आहे."

"खॉक्," अण्णा म्हणाले.

"हा कोरडा खोकला आहे का हो?" मी विचारलं.

"मला तर हा खोकलाच वाटत नाहीये," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढचा माणूस बोलावला.

मी चक्रावलो. संध्याकाळी पाण्याची टाकी भरली का बघायला अनवाणीच वर गेलो. रेनकोट नाही, हेल्मेट नाही, त्यामुळं पहिल्यांदाच माझा आवाज झाला नाही. खोलीचं दार लोटलेलं होतं. आत फोनचा स्पीकर चालू.

"आजचा कसा वाटला?" अण्णा विचारत होते.

"कालच्यापेक्षा बरा," हा मायचा आवाज! "पण इतक्या जोरात खोकू नका हो. पोरगं लई घाबरलंय. मोरीत रडत होतं काल. मला बघवलं नाय."

मी दार ढकललं. अण्णांनी मला बघितलं. सवयीनं तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.

"कामून असं केलं अण्णा?" माझा आवाज चिरकला. "माझा जीव गेला असता!"

अण्णांनी खाटेची सैल पडलेली नवार ओढून घेतली. मग म्हणाले, "लेका, आपलं घर बारा माणसांचं होतं. दिवसा बायकोशी बोललं तर माणसं हसायची. सांजच्याला ती दमून पडायची. मग तुम्ही पोरं झालात. बोलायचं राहूनच गेलं बघ. परवा फोनवर ती म्हणली, तिला हिरवा रंग आवडत नाय. अठ्ठेचाळीस दिवाळ्या मी तिला हिरवं लुगडं आणलंय!"

"मग सांगायचं कवा?" फोनमधून माय म्हणाली. (फोन चालूच होता!) "घडी उघडायला दीर-जावा सगळी भवती बसलेली असायची."

"चौदा दिवस संपत आले," अण्णा म्हणाले. "खाली आलो की परत तेच. तू, टीव्ही, बातम्या. अजून तिच्या माहेरच्या घोडीची गोष्ट अर्धीच झालीया."

मी खाटेच्या कडेला बसलो. दोन मीटर वगैरे काही न मोजता, अगदी अण्णांच्या खांद्याला खांदा लावून.  शेवटी मास्तरी आवाज काढला, "तब्येत बघता अजून सात दिवस वरच राहावं लागेल."

फोनमधून माय म्हणाली, "व्हय बाबा. तब्येतीशी खेळ नको."

सात दिवसांचे दहा झाले. त्या दिवाळीला अण्णांनी स्वतः क्रांती चौकात जाऊन जांभळं लुगडं आणलं. आता कसलीच बंधनं उरली नाहीत, तरी रोज संध्याकाळी दोघं गच्चीवर खुर्च्या टाकून बसतात, आणि आपण वर गेलो की एकदम गप्प होतात.

ते सगळं बघून मीही भारावलो. आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली होती, मीही बोलायचं ठेवून दिलं असणार! एका दुपारी मी फोन घेऊन गच्चीवर गेलो, खाटेवर पाय लांब केले आणि खाली स्वयंपाकघरात असलेल्या सुनंदाला फोन लावला. तिनं कट केला. परत लावला. परत कट. तिसऱ्यांदा उचलला.

"सुनंदा," मी शक्य तितक्या हळुवार आवाजात म्हणालो, "तुला कोणता रंग आवडत नाही?"

पलीकडं कुकरची शिट्टी झाली.

"तुम्ही परवा भिंतीला दिलाय तो," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.