ओळंब्याचा आरसा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी दोन खुर्च्यांचं सलून आहे. त्याच्या मालकाला सगळे ओळंबा म्हणतात. गवंडी दोरीला वजन लावून भिंत सरळ आहे का ते बघतो, त्या साधनाचं हे नाव. तीस वर्षांत त्याच्या हातून कुणाचा कल्ला केसभरही वरखाली झाला नव्हता.

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी तो घरी येऊन माझे केस कापतो. ते मी डायरीत लिहिते. काय बोलला, कसा दिसला, तेही.

गेल्या वर्षी गल्लीतली माणसं वाकडी दिसू लागली. टपाल कचेरीतल्या कारकुनाचा एक कल्ला वर, एक खाली. बेकरीवाल्याचीही तीच गत. ओळंब्याने सुताराला बोलावलं.

"आरसा ढळलाय. सरळ कर."

"अहो, सरळच आहे."

"तीस वर्षं नजरेने कापतोय मी. तू मला शिकवतोस?"

सुताराने मुकाट्याने आरसा तिरका केला. वाकडा झाला होता तो ओळंबा स्वतः. कमरेपासून डाव्या पोटरीपर्यंत आग उतरायची, म्हणून तो एका अंगावर कलून उभा राहायचा आणि कुणाला सांगायचा नाही. त्याचे काका फार पूर्वी मणक्याच्या ऑपरेशननंतर चार महिने पाठीवर पडून होते. खुर्चीमागे उभं राहता आलं नाही तर आपण कोण, ही भीती त्याने पोटात ठेवली होती.

शेवटी त्याची बायको माझ्याकडे आली. "मावशी, तुम्ही चला. माझं ऐकत नाहीत, डॉक्टरांपुढे तर थापाच मारतील."

तसंच झालं.

"कधीपासून दुखतंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"झाले असतील पंधरा दिवस."

मी डायरी उघडली. "पाच मार्च: डाव्या पायावर भार देत नाही. दोन एप्रिल: माझे केस डावीकडे आखूड. चार जून: डाव्या पायातली चप्पल दोनदा सुटली, त्याला कळलं नाही."

"मावशी, तुम्ही माझ्या चपलासुद्धा लिहिता?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याला डाव्या पायाचा पंजा वर उचलायला सांगितला. तो जेमतेम हलला. तपासणीच्या फोटोत दिसलं, की मणक्यांमधली गादी सरकून पायाची नस दाबत होती.

"पुष्कळांना गोळ्या, व्यायाम आणि धीर एवढ्यानेच बरं वाटतं," त्या म्हणाल्या. "पण तुमची ताकद जातेय. पाठीला नखाएवढी चीर देऊन बारीक नळीतून कॅमेरा घालायचा आणि नस दाबणारा तुकडा काढायचा. दुखणं बहुधा लवकर जाईल. ताकद किती परत येईल, ते आज सांगता येणार नाही."

"नखाएवढीच?"

"तुमच्या वस्तऱ्याने याहून मोठी जखम होत असेल."

"माझ्या हातून जखम होत नाही," तो तडकला. मग डावा पंजा पुन्हा उचलायला गेला आणि म्हणाला, "बरं. करा."

ऑपरेशनच्या दिवशीच संध्याकाळी तो बायकोच्या खांद्यावर हात ठेवून व्हरांड्यात चालला. "मावशी, आग विझली! पायाचा अंगठा मात्र अजून झोपलाय."

पुढचे सहा आठवडे वाकणं नाही, ओझं नाही. व्यायाम तेवढे चालू. बेकरीवाला झिपऱ्या वाढवून बसला, पण दुसरीकडे गेला नाही.

सलून उघडलं त्या सकाळी मीही गेले होते. ओळंबा आत शिरला आणि थबकला. "हा आरसा कुणी वाकडा केला?"

"होता कुणीतरी फार हुशार माणूस," बायको म्हणाली.

सुतार आला. त्याने हातोडी काढली, आरसा फिरवला आणि विचारलं, "आता?"

ओळंबा दोन्ही पायांवर समान भार देऊन उभा राहिला. मग खुर्चीचा दांडा धरून त्याने टाचांवर राहून दोन्ही पंजे उचलले. डावा जरा खालीच राहिला, पण उचलला गेला.

"आता सरळ," तो म्हणाला आणि बेकरीवाल्यासाठी त्याने खुर्ची फिरवली.