थोरल्याचं माप

मास्तरांच्या घरी लेकरं आली की आधी चहापाणी नाही, आधी माप. चाळीस वर्षं कपडे शिवले त्यांनी, आणि जित्याची खोड कुठे जाते! गळ्यातली टेप काढून ते एकेकाला समोर उभं करत, आकडे मोठ्यानं सांगत आणि बायको स्टुलावर बसून वहीत उतरवत असे. परत निघायच्या आत प्रत्येकाच्या अंगावर नवा कपडा चढलाच पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

या खेपेला तर सहा वर्षांनी तिघंही एकदम आली होती, पोराबाळांसकट. घराचं अगदी गोकुळ झालं. नातवंडांनी बटणांचा डबा फरशीवर पालथा केला. मधली लेक आणि धाकटी सून पलंगावर लोळत कुणाचा नवरा जास्त घोरतो यावर भांडत होत्या. मास्तर काही काम नसताना या खोलीतून त्या खोलीत फिरत होते. एवढा आनंद ठेवायचा कुठे, हेच त्यांना कळत नव्हतं.

"चला, रांग लावा!" ते म्हणाले.

नातवंडं उंचीनं वाढली होती, मधली कंबरेत.

"बाबा, आकडा जरा हळू सांगा, नवरा ऐकतोय!" ती ओरडली आणि सगळे खो खो हसले.

थोरला मात्र दाराशीच रेंगाळत होता. "मला शर्ट खूप आहेत, बाबा."

"बापापेक्षा बरा शिवणारा भेटला काय रे तुला?" म्हणत मास्तरांनी त्याला ओढलंच. त्याचा ढगळ स्वेटर वर सारून आतून छातीभोवती टेप फिरवली आणि त्यांचा हात थांबला. छत्तीस. मागच्या वेळी बेचाळीस होती. त्यांनी टेप सोडून पुन्हा लावली. छत्तीसच.

थोरला कानाशी वाकला. "बाबा, जुनंच माप सांगा. उपचार चालू आहेत. आईला मी जाताना सांगतो. एवढे चार दिवस हसू दे तिला."

मास्तरांनी आयुष्यात कुणाला अर्ध्या इंचाचं खोटं माप सांगितलं नव्हतं.

"छाती... बेचाळीस," ते म्हणाले. वहीवर पेन्सिल चालली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी मंडळी बाहेर गेली, तेव्हा मास्तरांनी टेबलावर कापड पसरलं आणि वही उघडली. थोरल्याच्या पानावर बायकोच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, छाती छत्तीस.

ती दारातच उभी होती.

"मी बेचाळीस म्हटलं होतं," मास्तर कसेबसे बोलले.

"ऐकलं मी. पण टेपवर तुमचा अंगठा कुठे होता, तेही दिसलं. आणि खरं सांगू? आल्या आल्या त्याला कवेत घेतलं ना, तेव्हा त्याच्या पाठीमागे माझे हात जुळले हो. आधी कधी जुळायचे नाहीत."

घरात कुणी नव्हतं. दोघं पोटभर रडली.

मग मास्तरांनी खडू उचलला. "कुठल्या मापानं बेतू?"

बायकोनं वही ओढून घेतली, छत्तीस खोडून त्यावर बेचाळीस लिहिलं.

"याच मापानं. ढगळ झाला तर त्याला म्हणा, आईनं ऐकलं तेच लिहिलंय. तिला काही माहीत नाही."